विद्येचं झाड आणि मुळांतल्या गाठी

आमच्या घरात विद्या यायच्या कितीतरी आधी विद्येचं झाड आलं.

मी पहिलीत गेले त्या वर्षी बाबांनी दाराच्या दोन्ही अंगांना मोरपंखीचं एकेक रोप लावलं. चपट्या, उभ्या धरलेल्या पंख्यासारख्या डहाळ्यांचं हे झाड शाळकरी पोरांना 'विद्या' म्हणूनच माहीत असायचं. तिची डहाळी पुस्तकात दाबून ठेवली की अभ्यास डोक्यात शिरतो, अशी सगळ्यांची खात्री. परीक्षेच्या आदल्या दिवशी कॉलनीतली ऑफिसरांची मुलं आमच्या दाराशी रांग लावायची. एरवी ती माळ्याच्या खोलीकडे फिरकायची नाहीत. बाबा प्रत्येकाला स्वतःच्या हातानं एकच डहाळी तोडून द्यायचे. कुणी ओरबाडायला गेलं तर म्हणायचे, "झाडाक दुखवून विद्या येता काय रे?"

मुलुंडला एका कारखान्याच्या ऑफिसर कॉलनीत बाबा माळी होते. चार इमारती, मधे हिरवळ, कडेनं फुलांचे वाफे, मागच्या अंगाला भाजीचे वाफे, आणि तिथंच पंपाच्या खोलीला चिकटून आमची एक खोली. बाग होती म्हणून नोकरी, नोकरी होती म्हणून खोली. हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं.

बाबा मालवणकडचे, तिसरी शिकलेले. आईनं शाळा बाहेरूनच पाहिली. आमच्या अख्ख्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली आणि बी.एस्सी. झालेलीही मी पहिली. हे सांगताना मी उगाच नम्र वगैरे होत नाही. ज्यांच्या घरात तीन पिढ्या पदव्या भिंतीवर टांगलेल्या असतात त्यांनी नम्र व्हावं, त्यांना ते परवडतं. मी घाटकोपरच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र घेतलं तेव्हा कॉलनीतल्या एक बाई आईला म्हणाल्या, "माळ्याची पोर झाडांचंच शिकणार, बरोबर आहे." आई घरी येऊन म्हणाली, "तू त्येंका दाखव." काय दाखव, ते तिलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या वर्षाला मला कळलं की दारातली मोरपंखी सूचीपर्णी वर्गातली आहे. फूल नाही, फळ नाही, नुसता शंकू. तिचे ते निळसर हिरवे, शिंगं फुटल्यासारखे बोंडुले आम्ही लहानपणी गोट्या म्हणून खेळायचो, ते शंकू होते! मी पळत घरी आले. "बाबा, ही मोरपंखी आहे ना, ती देवदाराच्या नात्यातली आहे. हिमालयातल्या."

बाबा पाइप गुंडाळत होते. "मगे ह्यां हंय मुलुंडाक खंय मराक इलां?" मग हे इथं मुलुंडला कुठं मरायला आलं?

"तुम्हीच आणलंत ना."

"मी इलंय तसांच तांय इलां," बाबा म्हणाले आणि हसले. आपण आलो तसं तेही आलं. त्या दिवसापासून ते झाडाला पाणी घालताना मधूनच "काय हिमालयवाले?" म्हणायचे.

बाबांच्या हाताला गुण आहे असं कॉलनीत सगळे म्हणायचे. त्या गुणाचं गुपित मला माहीत होतं, कारण ते रोज डोळ्यांसमोर घडायचं. गाव सोडताना बाबांनी परसातली माती फडक्यात बांधून आणली होती. ती त्यांनी मागच्या भाजीच्या वाफ्यात मिसळली. पुढं कॉलनीत कुठलीही नवी कुंडी भरायची असो की नवा वाफा करायचा असो, मागच्या वाफ्यातली एक मूठ माती त्यात पडल्याशिवाय बाबा रोप लावत नसत. याला ते विरजण म्हणत. "विकत घेतलेली माती मेलेली आसता गो. तिका जित्या मातीची मूठ लागता. दुधाक लागता तशी." मूठ टाकायच्या आधी ते माती कपाळाला लावायचे. चारही इमारतींच्या गॅलऱ्यांतल्या कुंड्यांत आमच्या परसातली ती मूठ पोचलेली होती, आणि बाबांना त्याचा अभिमान होता. मलाही होता.

माझ्या शेवटच्या वर्षात, दिवाळीनंतर, बाग बसायला लागली. टोमॅटोची रोपं भर दुपारी माना टाकायची, संध्याकाळी पुन्हा थोडी उभी राहायची. वांगी वीतभर होऊन थांबली. अनंताची पानं पिवळी पडली, कोंबड्याच्या फुलांचे तुरे बोटाएवढेच. पाणी होतं, खत होतं, ऊन होतं. तरी एकेक वाफा उपाशी असल्यासारखा दिसायला लागला.

नेमके तेव्हाच कॉलनीची व्यवस्था बघणारे नवे साहेब आले होते. त्यांना बाग एका कंत्राटदाराकडे द्यायची होती. पांढरे दगड, छाटलेली मेंदी, आठवड्याला दोन माणसं येऊन काम करून जाणार. राहायला खोली नको, काही नको. साहेब वाईट बोलले नाहीत. हिरवळीच्या कडेला उभं राहून बाबांना म्हणाले, "माळी, मार्चपर्यंत बघू. बाग उभी राहिली तर तुम्हीच. नाही राहिली तर मग माझा इलाज नाही."

बाबा घरी आले आणि आईला म्हणाले, "विरजाण कमी पडलां." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एका मुठीच्या दोन मुठी केल्या.

डिसेंबरात आमचं वनस्पतींच्या रोगांचं प्रॅक्टिकल सुरू झालं. शिकवणाऱ्या मॅडम कडक होत्या, पण त्यांनी मला कधी 'मराठी माध्यमवाली' म्हणून वेगळं काढलं नाही. त्यांनी बरणीतलं एक मूळ दाखवलं. सुतळीला ठिकठिकाणी गाठी मारल्यासारखं दिसत होतं. आणि मला ते ओळखीचं वाटलं. असं मूळ मी घरी शेकडो वेळा पाहिलं होतं. बाबा वाफ्यातलं जुनं झाड उपटायचे तेव्हा मुळांना गाठी आहेत का ते आधी बघायचे, आणि ज्या झाडाला जास्त गाठी त्याच्या बुडाची माती विरजणाला घ्यायचे. गावी भातानंतर कुळीथ पेरतात, चवळी पेरतात. तिच्या मुळांना गाठी येतात आणि त्यानं जमीन सुधारते, हे त्यांच्या वडिलांनी त्यांना उपटून दाखवलं होतं. 'गाठीत ताकद आसता.' ते वाक्य आमच्या घरात एखाद्या म्हणीसारखं होतं.

मी हात वर केला. "मॅडम, पण गाठी चांगल्या असतात ना? नत्र धरून ठेवतात."

"त्या शेंगवाल्या झाडांच्या. चवळीची गाठ नखानं सोलली तर सुटून येते. वरून चिकटलेली असते ती. ही सोलून बघ."

मी नख लावलं. सुटली नाही. मूळच फुगलेलं होतं.

"सूत्रकृमी," मॅडम म्हणाल्या. "जमिनीतून येतो तेव्हा धाग्यासारखा असतो, डोळ्याला दिसत नाही. मुळात शिरला की मादी एका जागी बसते आणि फुगत जाते. मग आयुष्यभर हलत नाही. गंमत म्हणजे झाडच तिच्या तोंडापाशी मोठमोठ्या पेशी तयार करून देतं, तिला खायला. झाड मरत नाही लगेच. पोसत राहतं."

दुसऱ्या दिवशी मी मागच्या वाफ्यातलं एक टोमॅटोचं रोप उपटून, ओल्या फडक्यात गुंडाळून कॉलेजात नेलं. गाठ सुईनं फोडली. सूक्ष्मदर्शकाखाली मोत्यासारखा पांढरा, मान बारीक आणि पोट गोल असा जीव दिसला. शेजारी जिलेटिनसारख्या थेंबात अंडी, शेकड्यानं. मी तिच्याकडे किती वेळ बघत बसले मला आठवत नाही. मैत्रिणीनं ढोसलं, "काय गं, सिनेमा लागलाय काय?"

त्याच आठवड्यात मी बाबांना सांगायचा प्रयत्न केला. ते नवा वाफा करत होते. मूठ कपाळाला लावून मातीत टाकणार एवढ्यात मी म्हटलं, "बाबा, ही माती टाकू नका. यातच कीड आहे. त्या गाठी ताकदीच्या नाहीत, किड्याच्या आहेत."

ते थांबले. मग हसले, पण ते हसू वेगळं होतं. "माझ्या बापाशीच्या परसात कीड?"

"तिथली असेल किंवा इथली असेल. पण तुम्ही ती सगळीकडे वाटताय."

"वाटतंय?" त्यांनी मूठ वाफ्यात टाकली. "वीस वर्सां माती खातंय मी. तू दोन बुकां वाचलंस आणि माका शिकवतंस? जा, आवशीक पाणी भरून दी."

मला हे झोंबलं. आता लिहिताना कळतं की त्यांना मार्चची भीती होती आणि हातात विरजणाखेरीज दुसरं काही नव्हतं. तेव्हा मला एवढंच दिसलं की ज्यांनी मला शिकायला घातलं तेच माझं शिकणं ऐकायला तयार नाहीत. मनात म्हटलं, ठीक आहे. मग एक दिवस माझं लिहिलेलं वाचूनच बघा. त्यानंतर तीन आठवडे बाबा रोज नवनव्या कुंड्यांत मुठी टाकत होते, आणि मी ते बघत पुढं जात होते. एकदासुद्धा त्यांचा हात धरला नाही. या लेखातलं सगळ्यात जड वाक्य हेच आहे, म्हणून ते लिहून टाकलं.

जानेवारीत कॉलेजात विभागाचं प्रदर्शन होतं. मॅडमनी प्रत्येकीला तुलनेचा एक तक्ता करायला सांगितला होता. बाकीच्यांनी एकदल-द्विदल, शेवाळ-बुरशी असलं काही घेतलं. मी घेतलं मोरपंखी आणि सूत्रकृमी.

मैत्रीण पोट धरून हसली. "यार, ही काय तुलना? उद्या ताजमहाल आणि ढेकूण कर!"

"दोघंही आमच्या एकाच मातीत राहतात," मी म्हटलं. खरंच तसं होतं. बाग कोमेजली होती, पण दारातल्या दोन्ही मोरपंख्या टवटवीत होत्या. मी एकीच्या बुडाची माती उकरून दोन-चार मुळं बघितली होती. एकही गाठ नव्हती. का नव्हती, ते मला माहीत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "तसंच लिही, कारण माहीत नाही. खोटं लिहिण्यापेक्षा बरं."

मोठ्या ड्रॉइंग पेपरवर मी मधोमध रेघ मारली. डावीकडे झाड: कित्येक वर्षं जगतं, स्वतःचं अन्न स्वतः करतं, बी शंकूत, एका जागी उभं. उजवीकडे कृमी: महिनाभराचं आयुष्य, दुसऱ्याच्या मुळावर पोट, अंडी थेंबात, मादी एका जागी बसलेली. दोघांत सारखं असं एकच सापडलं, की जागा सोडत नाहीत. ते मी लाल शाईनं लिहिलं. खाली प्रसार कसा होतो त्याची ओळ: 'जुन्या वाफ्यातील माती नव्या कुंडीत मिसळण्याची चुकीची पद्धत.' बाजूला बरणीत टोमॅटोचं मूळ ठेवलं आणि बरणीवर चिठ्ठी लावली. नमुन्याच्या चिठ्ठीवर तो कुठून आणला, कुणी आणला ते लिहायचंच असतं. त्याशिवाय नमुन्याला किंमत नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून पढवलं होतं. मी सुवाच्य अक्षरात कॉलनीचं नाव लिहिलं, 'मागील भाजीचा वाफा' लिहिलं, खाली माझं नाव.

ते लिहिताना माझा हात जराही थांबला नाही. मला पहिलं बक्षीस मिळालं.

साहेबांची मुलगी आमच्याच कॉलेजात अकरावीला होती. तिनं चिठ्ठीवर आपल्या कॉलनीचं नाव वाचलं आणि घरी जाऊन कौतुकानं सांगितलं, आपल्या माळीकाकांच्या मुलीचा नंबर आला म्हणून. सगळा तक्ता तिनं वहीत उतरवूनही घेतला होता. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पुढच्या रविवारी सकाळी साहेब ती वही घेऊन आमच्या दाराशी आले.

बाबा दारातच होते. साहेब बसले नाहीत. वहीतलं वाचत म्हणाले, "माळी, मागच्या वाफ्यातली माती तुम्ही सगळीकडे टाकता?"

"होय साहेब. विरजाण म्हणान."

"आमच्या गॅलरीतल्या कुंड्यांतसुद्धा?"

"सगळ्यांच्याच," बाबा म्हणाले. त्यांना वाटलं, साहेब गुपित विचारतायत.

"त्याच मातीनं बागेला कीड लागली असं तुमच्या मुलीनं कॉलेजात लिहिलंय."

बाबांनी वळून माझ्याकडे बघितलं. आई चुलीपाशी होती, ती तिथूनच म्हणाली, "गो, नाय म्हण." हळू म्हणाली, पण खोली एवढीशी, सगळ्यांनाच ऐकू गेलं.

"ह्यां तू लिवलंस?" बाबांनी विचारलं.

नाही म्हणता आलं असतं. दुसरी कुठली कॉलनी, दुसरा कुठला वाफा, काहीही सांगता आलं असतं. साहेब कदाचित ते मानूनही घेते. मी म्हटलं, "हो."

"खरां आसा ता?"

"खरं आहे."

बाबा जरा वेळ हातातल्या खुरप्याचं पातं अंगठ्यानं पुसत राहिले. मग साहेबांना म्हणाले, "चेडवान लिवलां म्हणजे खरांच आसतलां, साहेब. ता शिकलेलां आसा."

मुलीनं लिहिलं म्हणजे खरंच असणार, एवढं बोलून त्यांनी आपली बाजू संपवली. मार्चपर्यंत थांबायची गरजच उरली नाही. साहेबांनी माझी परीक्षा होईपर्यंत खोली ठेवायला दिली. तेही माझ्यामुळंच, असं म्हणाले. "मुलगी हुशार आहे तुमची." बाबांनी हात जोडले.

पाचव्या दिवशी आई म्हणाली, "तुजा खरां तुज्याकडेच ठेवूक होयां होतां." तुझं खरं तुझ्यापाशीच ठेवायचं होतंस. बाबा तिला म्हणाले, "गप रव. मी तिका कित्या शिकयलंय? खोटां बोलूक?" त्यांनी माझी बाजू घेतली याचं मला बरं वाटायला हवं होतं. मला मॅडमचं बोलणं आठवत होतं. मादी एका जागी बसते आणि झाडच तिला पोसतं. आमच्या खोलीत एकच टेबल होतं, ते बाबांनी पंपाच्या खोक्याच्या फळ्यांचं माझ्यासाठी केलं होतं. मी वाचत बसले की आई भांडी बाहेर नेऊन घासायची. मटणाच्या दिवशी माझ्या ताटात जास्त फोडी. वीस वर्षं त्या घरानं आपला जीव माझ्या तोंडापाशी आणून ठेवला. तक्त्याच्या कुठल्या बाजूला माझं नाव लिहायचं, हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला, आणि त्याचं उत्तर मी आजवर टाळत आले आहे.

एप्रिलअखेर परीक्षा संपली. भांडुपच्या टेकडीवर मामाच्या शेजारी एक खोली मिळाली. सामान होतंच किती! प्रश्न झाडांचा होता. दोन्ही मोरपंख्या बाबांनी लावलेल्या, साहेबही न्यायला नाही म्हणाले नाहीत. एक फार मोठी झाली होती, ती ठेवायचं ठरलं. सावलीत राहिल्यानं दुसरी कमरेएवढीच होती. बाबांनी तिच्याभोवती गोल खणायला घेतलं, मातीचा गड्डा धरून, गोणपाटात बांधून उचलायचं म्हणून.

मी म्हटलं, "बाबा, ही माती नाही न्यायची. झाडाला काही झालं नसलं तरी मातीत अंडी असणारच. तिथं मामाच्या कुंड्या आहेत, शेजाऱ्यांच्या आहेत. पुन्हा तेच होईल."

"मगे?"

"मुळं धुवून घ्या. स्वच्छ. एक कण ठेवू नका."

बाबा उकिडवे बसले होते, तसेच वर बघत राहिले. "ह्या झाडाची मुळां उघडी करूची नसतत," ते म्हणाले. आवाजात जोर नव्हता. मला सांगत होते की विचारत होते, ते कळेना.

"गुलाबाची धुतात, पेरूची धुतात. काही होत नाही. मी सांगते ना."

जानेवारीआधीचे बाबा असते तर मला पाणी भरायला पाठवलं असतं. हे बाबा उठले, नळ सोडला आणि मोरपंखीची मुळं धारेखाली धरली. बोटांनी एकेक मूळ मोकळं करत होते, आई लहानपणी माझ्या केसांतला गुंता काढायची तसं. लालसर गढूळ पाणी नाल्यात गेलं. गावच्या परसातल्या मातीचं जे काही त्यात उरलं असेल, तेही गेलं. मुळं पांढरट, बारीक, एकही गाठ नसलेली. मी वाकून ती तपासली आणि म्हटलं, "झकास." हा शब्द मी तिथं वापरला, हे मला पक्कं आठवतं.

भांडुपला नवी माती विकत आणली. पत्र्याच्या डब्यात झाड लावलं. बाबांनी सवयीनं मूठ वळली, मग उघडली आणि हात पँटला पुसला.

पहिले काही आठवडे झाड अगदी हिरवं होतं. मी खूश होते. जूनमध्ये निकाल लागला, फर्स्ट क्लास. मामानं टेकडीवरच्या साऱ्या वाडीत पेढे वाटले. मॅडमकडे मार्कशीट दाखवायला गेले तेव्हा मी सहज सांगितलं, मोरपंखी धुवून आणली, छान आहे.

मॅडमनी चष्मा काढला. "सूचीपर्णी झाडाची मुळं धुतलीस? अगं, ती सहन करत नाहीत. बारीक मुळं सुकली की संपलं."

"पण हिरवी आहे, मॅडम."

"ती मेल्यावरसुद्धा बरेच दिवस हिरवी दिसतात. साल खरवडून बघ."

घरी आले. बाबा कामावर गेले होते. एका गोदामाच्या फाटकावर त्यांना बसायचं काम मिळालं होतं, तिथं गवताचं पातंही नव्हतं. मी खोडाची साल नखानं खरवडली. हिरवी ओल असायला हवी होती, तिथं कोरडा तपकिरी काथ्या होता. आणि त्याच्या जरा खाली, तशीच नखानं खरवडलेली एक जुनी खूण होती. वाळून काळी पडलेली.

ती माझी नव्हती. आईला साल खरवडून बघायचं असतं हे ठाऊक नव्हतं.

बाबा संध्याकाळी आले, त्यांनी लोट्यानं झाडाला पाणी घातलं. मी दारात बसले होते. एकदा खरं बोलून झालं होतं, पुन्हा बोलायची माझी ताकद नव्हती. ते कधीपासून जाणून होते मला माहीत नाही. नळाखाली मुळं धरली तेव्हापासूनच, असंच वाटतं मला. गाठींबद्दल ते चुकले होते आणि मुळांबद्दल बरोबर होते. पण गाठींनी त्यांचा आपल्या हातावरचा सगळाच भरवसा उपटून टाकला होता, आणि ते उपटणारी मी होते. पुढं पावसाळाभर ते त्या झाडाला रोज पाणी घालत राहिले. गौरी-गणपतीच्या सुमाराला ते तांबूस पडायला लागलं, तेव्हा कुठं आईनं विचारलं, "ह्यां सुकलां काय वो?" बाबा म्हणाले, "आता सुकलां."

मी पुढं शाळेत विज्ञान शिकवायला लागले. दरवर्षी मुलांना चवळीची गाठ नखानं सोलायला लावते. सुटते ती, सुटत नाही ती, दोन्ही दाखवते. माळ्याच्या चुकीची ओळ मी पुन्हा कधी फळ्यावर लिहिली नाही.

त्या वर्षातलं शेवटचं आठवतं ते एवढंच. दसऱ्याच्या सुमाराची एक सकाळ. शाळेतली नोकरी नुकतीच लागली होती, मी तिकडं निघायच्या तयारीत होते. आईचं विरजण संपलं होतं, म्हणून ती मामीकडून वाटीत चमचाभर दही घेऊन आली आणि कोमट दुधात ते टाकणार, तेवढ्यात बाबांनी तिचा हात धरला. ते माझ्याकडे बघत होते. वीस वर्षं झाडं वाढवलेला माणूस, दुधाच्या पातेल्यापाशी उकिडवा बसून मला विचारत होता.

"गो, दुसऱ्याच्या घरचां घातलां तर चलात मां?"